कारकुनाची कबर बंद आहे

सहा वर्षांत मी निदान चारशे पाहुण्यांना सांगितलं असेल, की टेकडीवरची कारकुनाची कबर बंद आहे. कधी छताची डागडुजी चाललीय, कधी रंग तपासायला कैरोहून माणसं आलीत, एकदा तर आत वटवाघळं फार झालीत असंही सांगून मोकळा झालो. पाहुणे बिचारे मान डोलावतात. गाइडचा शब्द, त्यातून चौपन्न वर्षांच्या, इस्त्रीचा शर्ट घालणाऱ्या गाइडचा. कबर एक दिवसही बंद नव्हती. तिच्या दारात माझा थोरला भाऊ दंदरावी राखणदार म्हणून बसतो आणि आमचं बोलणं नाही, एवढंच.

त्या दिवशी मात्र मला त्याच कबरीवर जावं लागणार होतं. संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर माझ्या मुलीची, शुरूकची, फातिहा ठरली होती. अरमंतहून मुलाकडची माणसं येणार, दोन्ही घरची वडीलधारी समोरासमोर बसून हात उघडून फातिहा वाचणार, की लग्नाचा शब्द पक्का. मुलाचा आजोबा हाज अब्दुलजलील जुन्या वळणाचा माणूस. त्याने आठ दिवस आधीच विचारून घेतलं होतं, 'तुमच्या घरातला थोरला बसेल ना? थोरल्याशिवाय मी हात उघडत नाही. मागे एका घरातून तसाच उठून आलोय.' आणि माझ्या जिभेला काही हाड नाही. मी म्हणालो, 'बसणार म्हणजे काय, दंदरावीदादाच सगळं बघतोय.' दादाला मी तारीखसुद्धा कळवली नव्हती.

आठ दिवस मी उद्या-उद्या करत काढले. शेवटी तो उद्याच उजाडला.

सकाळी माझी बायको नईमा परातीत कबुतरं घेऊन साफ करत बसली होती. बत्तीस कबुतरं. मी बुटाची नाडी बांधायला लागलो तशी ती मान वर न करता म्हणाली, 'आजही कामावर?'

'महिन्यापूर्वी ठरलेली सहल आहे. एकटीच बाई आहे, जर्मन. चारला मोकळा होईन.'

'घरात बसलात तर भावाकडे जावं लागेल, म्हणून चाललात. मला काय कळत नाही?'

मी दुसऱ्या बुटाकडे वळलो.

'नीट ऐका,' ती म्हणाली. 'जाल, बसाल, तो चहा पुढे करेल. दारात आलेल्याला हाकलायची त्याची रीत नाही. पेला उचलू नका. खाली ठेवा आणि सांगा. आणि सरळ सांगा. तुम्हाला एका वाक्याचं देऊळ बांधायची सवय आहे.'

मागणं घेऊन आलेला माणूस आमच्याकडे पुढ्यातला चहा पीत नाही. यजमान 'तुझं काम झालं' म्हणाला, की मगच पेला ओठाला लावायचा. आधी प्यायलात तर मागणं गिळलंत, आता पुन्हा कधीतरी या. एवढंसं पोरही हे जाणतं. त्यामुळे मला कुणी हे समजावून सांगावं याचाच मला राग आला, आणि तो राग चांगला दिवसभर पुरला.

शुरूक दारात उभी होती. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मुलगी अशी बघते तेव्हा मला शिव्या परवडतात.

*

गाडी कर्नाकच्या देवळापाशी पोचली ती पावणेदहाला. लाल समुद्राकडून येणाऱ्या गाड्यांचे कागद रस्त्यात दोन ठिकाणी तपासतात, त्यात तास गेला होता. ड्रायव्हर गिर्गिस उतरला, हातपाय ताणले, आणि म्हणाला, 'उस्ताद, बाई सोन्यासारखी आहे. पण घाई हा शब्द तिच्या भाषेत नसावा.'

बाईचं नाव रोझविता. सत्तरीची, उंच, उन्हाने नाक लाल झालेली, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वही आणि पेन्सिलींचा डबा. तो डबा बघितला आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. फोटो काढणारा पाहुणा परवडला, तो दर फोटोला दहा सेकंद खातो. चित्र काढणारा पाहुणा म्हणजे बसलाच.

आणि ती बसली. खांबांच्या दालनात मी माझं नेहमीचं बोलणं निम्म्यात आटोपलं, तेव्हा ती एका खांबाच्या पायथ्याशी मांडी घालून बसली होती. 'तुम्ही बोला,' ती म्हणाली, 'मी ऐकतेय.' मी काय बोलणार? चाळीस माणसांचा गट असता तर छत्री उंच धरून पुढे चालू लागलो असतो, मेंढरं आली असती मागून. खासगी सहलीत दिवस पाहुण्याचा असतो. तिने एका खांबापाशी संध्याकाळ केली असती तरी मी शेजारी हसऱ्या तोंडाने उभा राहिलो असतो.

मी घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं, चार मिनिटं झाली होती. अरमंतवाले पाचला निघणार. त्याआधी हिला गाडीत घालायचं, मग टेकडी चढायची, मग दादा. दादापाशी आलं की माझ्या मनातली गाडी दर वेळी बंद पडायची. काय म्हणू? 'दादा, शुरूकची फातिहा आहे.' तो म्हणेल, कोण शुरूक? नाही, तसं नाही म्हणणार, पुतणीवर त्याचा जीव होता. तो काहीच म्हणणार नाही. ते जास्त वाईट.

बाहेर पडल्यावर मादामला एका हातगाडीवर तळली जाणारी तामिया, म्हणजे आमच्याकडची कडधान्याची भजी, दिसली. हॉटेलवाल्यांनी बाहेरचं खाऊ नका म्हणून बजावलं होतं, हे तिनेच आम्हाला हसत सांगितलं आणि चार खाल्ल्या. बारा वाजेपर्यंत तिचं पोट गुरगुरायला लागलं. जेवण नको म्हणाली. मला मनातून आनंद झाला, एक तास वाचला. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं ते सांगतो.

वाचलेला तास तिने मेम्नॉनच्या दोन पुतळ्यांपुढे घालवला. पुतळ्यांचे नुसते गुडघे काढत होती.

गिर्गिस गाडीला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. मी त्याच्यापाशी गेलो, तिथून मादामपाशी, तिथून परत.

'उस्ताद, एका जागी उभे राहा, मला गरगरतंय,' तो म्हणाला. 'फातिहा मुलीची आहे की तुमची?'

'थोरला यायचाय अजून.'

'म्हणजे बोलावला नाहीत अजून.' त्याने टरफल थुंकलं. 'तुम्हा दोघांपैकी आधी कोण बोलतो यावर गावात पैजा लागल्यात. मी कुणावरच लावली नाही. दोन्ही खेचरं.'

'तू गाडी बघ.'

'गाडी बोलते हो माझ्याशी.'

*

भांडण झालं ते आई गेली तेव्हा. मी बोटीवरच्या गटाबरोबर होतो. एदफूच्या देवळात सकाळी दहाला फोन आला, आई पहाटे गेली, दुपारी अस्रच्या नमाजानंतर दफन. मी घरी पोचलो तो रात्री. घराबाहेर सांत्वनाचा मांडव होता, दोनशे माणसं खुर्च्यांवर बसली होती, कुराणपठण नुकतंच थांबलं होतं. मी रांगेने हात मिळवत दादापर्यंत गेलो. त्याने हात दिला नाही. म्हणाला, 'सहल संपली का, उस्ताद?' मोठ्याने म्हणाला. मी सगळ्यांना सांगत होतो, की बोट इस्नाच्या बंधाऱ्यात अडकली, पुढे बारा बोटी होत्या, मी काय करणार. तो ऐकत होता आणि कप उचलणाऱ्या माणसाकडे बघत होता. मी मांडवातून उठून गेलो. त्यानंतर ईदच्या नमाजालाही आम्ही वेगळ्या रांगेत.

बोट खरोखर अडकली होती. हे मी सहा वर्षं सगळ्यांना सांगत आलो.

*

अडीच वाजता गाडीत बसल्यावर मी मादामला सांगितलं की आता फक्त राणीचं देऊळ बघू आणि परत फिरू. तिने पिशवीतून तिकीट काढून माझ्यापुढे धरलं.

'तुम्ही फोनवर होता तेव्हा मी खिडकीवर गेले,' ती म्हणाली. 'देऊळ राहू दे. मला ही कबर बघायचीय, कारकुनाची. तिच्यात एक भिंत अर्धवट राहिलीय ना? चित्रकाराच्या लाल रेघा अजून दिसतात म्हणे. तीस वर्षं मी मुलांना त्या भिंतीचा फोटो दाखवत होते.'

'ती कबर...' मी म्हणालो.

'खिडकीवरचा माणूस म्हणाला उघडी आहे.'

गिर्गिसने आरशातून माझ्याकडे बघितलं. 'वटवाघळं गेली वाटतं,' तो अरबीत म्हणाला.

गाडी टेकडीच्या पायथ्याशी लागली. वर चढताना मादाम दोनदा थांबली, पोट धरून. मी तिची पिशवी घेतली. मला धाप लागली होती ती चढाची नव्हे. वाटलं, हिला इतकं दुखावं की परत फिरू म्हणेल. मग वाटलं, परत फिरली तर पोरीचं काय? एका पावलाला एक वाटत होतं, दुसऱ्याला दुसरं. तेवढ्यात वर पोचलोसुद्धा.

दादा मातीच्या ओट्यावर बसला होता. राखी पायघोळ गलाबिया, डोक्याला पांढरं मुंडासं, मांडीवर काठी. दाढी पूर्ण पांढरी झाली होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षं मी लांबून त्याचं फक्त मुंडासं बघत होतो.

तो उठला, माझ्यासाठी नव्हे, पाहुणीसाठी. 'या, स्वागत आहे,' तिला जर्मनमध्ये म्हणाला. मग माझ्याकडे बघून अरबीत, 'या, उस्ताद.'

शाझली म्हणाला असता तर काय झालं असतं? आईने ठेवलेलं नाव आहे.

'सलाम अलैकुम,' मी म्हणालो.

'व अलैकुम सलाम.' तिकीट घेऊन त्याने ते फाडलं, निम्मं परत दिलं. आत गाइडने बोलायचं नाही असा नियम आहे, म्हणून आम्ही दारातच थांबतो. दादाने लोखंडी दार उघडलं, पत्र्याचा तुकडा उन्हात असा टेकवून ठेवला की उजेड भुयारात शिरला, आणि तो तिला घेऊन आत गेला.

मी बाहेर. ओट्यावर बसलो, उठलो. खाली ऊस भरलेला ट्रॅक्टर जात होता, तो दिसेनासा होईपर्यंत बघितला. नईमाचा फोन आला.

'बोललात?'

'तो आत आहे.'

'आणि तुम्ही?'

'बाहेर.'

'अरमंतहून फोन आला, पाचला निघतायत. हाज अब्दुलजलील चार भाऊ घेऊन येतोय. मी काय सांगू त्यांना? थोरल्याच्या जागी कबुतर बसवू?'

मी फोन ठेवला. आतून दादाचं जर्मन ऐकू येत होतं. शेजारच्या कबरीवरचे राखणदार शंभर शब्दांवर निभावून नेतात, तसंच त्याचंही असेल असं मी धरून चाललो होतो. नीट ऐकू येत नव्हतं, पण मादाम मधेच हसली, मग बराच वेळ एकटीच बोलत होती. माझ्या बोलण्यावर दिवसभरात ती एकदाही हसली नव्हती. पाऊण तास गेला. मी मनात वाक्य घोळवत होतो, दादा, संध्याकाळी ये. तीन शब्द. तेवढे तर जमतील.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि चेहरा पांढरा पडला होता. 'ज्याने रेघा मारल्या तो वेगळा,' ती मला म्हणाली, 'आणि ज्याने त्या सुधारल्या तो वेगळा. मागून कुणीतरी येऊन खांद्याची रेघ बोटभर खाली आणलीय. किती हळू हाताने आणलीय.' मी हो म्हणालो. माझं लक्ष दादाच्या हाताकडे होतं. तो स्टो पेटवत होता.

'बसा, मादाम. बस, उस्ताद. चहा घ्या.'

त्याने पाणी, पत्ती आणि मूठभर साखर एकत्रच उकळवली, काळाभोर चहा केला, तीन पेल्यांत ओतला आणि पितळी ताटलीतून पुढे केला. पाहुणीने पेला उचलला, वास घेतला, हसली आणि ओट्यावर ठेवला. मी माझा घेतला. पावणेचार झाले होते. मी खाली गाडीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, तोंडात शब्द जुळवले, दादा, संध्याकाळी...

आणि जीभ भाजली. अर्धा पेला माझ्या घशाखाली गेला होता.

मी पेल्याकडे बघतच राहिलो. आठ दिवस, बायकोचे टोमणे, एक टेकडी, आणि मी गडबडीत चहा पिऊन बसलो होतो. आता मागणं करायचं तोंड उरलं नव्हतं. दादाने ते बघितलं. त्याच्या भुवया जराशा वर गेल्या, बस्स.

'आणखी देऊ?' त्याने विचारलं.

'नको.'

'गोड झालाय?'

'झालाय.'

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. उरलेला अर्धा पेला खाली ठेवावा का, तो चालतो का, असले विचार मी करत होतो, एखाद्या वकिलासारखे. दादा काठीने वाळूत रेघा ओढत होता. मग तो थांबला आणि मादामच्या पेल्याकडे बघू लागला. भरलेला, काठोकाठ.

'पाहुणीने पेला खाली ठेवलाय,' तो म्हणाला.

'हं.'

'म्हणजे तिचं काही मागणं आहे. विचार तिला. माझ्या ओट्यावर बसलेल्याला मी नाही म्हणत नाही.'

मला कळत होतं की बाईचं पोट बिघडलंय. अमृत दिलं असतं तरी ते तिने तसंच हसून खाली ठेवलं असतं. पण दादाला काय माहीत? जुना माणूस, ठेवलेला पेला बघितला की त्याला मागणंच दिसणार. बुडत्याला काडी म्हणतात तशी ही काडी होती, आणि तीही जर्मन.

मी मादामकडे वळून जर्मनमध्ये विचारलं, 'तो विचारतोय, आवडली का कबर?'

'आत सांगितलंच मी त्याला,' ती म्हणाली, 'इतक्या वर्षांनी मला ती भिंत बघायला मिळाली. त्याने तीन वेळा उजेड हलवून दाखवला. मी त्याची आभारी आहे.'

मी दादाकडे वळलो. 'ती म्हणते,' मी घसा साफ केला, 'ती म्हणते, तिच्या कानावर आलंय, की तुमच्या पुतणीची आज संध्याकाळी फातिहा आहे. अरमंतची माणसं येतायत. घरातला थोरला बसल्याशिवाय ते हात उघडणार नाहीत. तर थोरल्याने यावं. एवढंच तिचं मागणं आहे.'

एका दमात म्हणून टाकलं. इतकं सरळ मी आयुष्यात काही बोललो नसेन, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर.

दादाने आधी माझ्याकडे बघितलं, नंतर पाहुणीच्या पेल्याकडे. मग काठी बाजूला ठेवून म्हणाला, 'सांग तिला, तिचं काम झालं.'

माझे खांदे सैल झाले. मी काहीतरी सांगायला तिच्याकडे वळणार, तोच दादा स्वतःच तिच्याशी जर्मनमध्ये बोलू लागला. शंभर शब्दांचं जर्मन नव्हतं ते. 'मादाम, पोट अजून दुखतंय? मी आत म्हणालो होतो ना, चहा तुम्हाला झेपणार नाही. पण पाहुण्यापुढे रिकामी ताटली ठेवायची नसते, म्हणून दिला. राहू द्या. गाडीत बसा, ड्रायव्हरकडे जिऱ्याचं पाणी मागा.' तिने त्याचा हात हातात घेऊन दाबला, माझ्याकडे वळून 'मी हळूहळू उतरते' म्हणाली, आणि पिशवी घेऊन वाटेला लागली. गिर्गिस खालून तिला घ्यायला वर येताना दिसत होता.

मी ओट्यावर तसाच. कानशिलं तापली होती.

'तुला जर्मन येतं,' मी म्हणालो.

'तेवीस वर्षं इथे बसतोय. तुला काय वाटलं, मी माश्या मारतो?'

'मग तुला माहीत होतं ती का पीत नाहीये.'

'माहीत होतं.'

'तरी मला विचारायला लावलंस.'

'म्हटलं, स्वतःच्या नावाने विचारतोस की तिच्या.' त्याने माझा अर्धा पेला उचलून वाळूत ओतला. 'ताकाला आलास आणि भांडंसुद्धा दुसऱ्याचं आणलंस.'

मला संताप आला. त्याच्यावर, माझ्यावर, त्या तामियावर. 'ठीक आहे,' मी म्हणालो, 'येऊ नकोस मग. अरमंतवाले उठून जातील. पोरीला मी सांगेन, तुझ्या काकाने...'

'शुरूक येऊन गेली,' तो म्हणाला.

'कधी?'

'गेल्या शुक्रवारी. एकटीच आली टेकडी चढून. तू बसलायस तिथेच बसली. पेला खाली ठेवला, म्हणाली, काका, माझ्या फातिहेला ये. मी म्हणालो, झालं तुझं काम, पी. गलाबिया धुवून इस्त्री करून ठेवलाय पाच दिवसांपूर्वीच.'

सकाळी ती दारात का बघत होती ते आता कळलं. 'मला सांगितलं का नाही तिने?'

'मीच सांगू नकोस म्हणालो. म्हटलं, बघू, तिचा बाप येतो का. रोज दोन पेले घासून ठेवत होतो.'

खाली गाडीचा दरवाजा वाजला. आता निघायला हवं होतं. माझं काम तर झालं होतं, झालेलंच होतं, दादा येणार, हाज हात उघडणार, मुलगी सुखात पडणार. दिवसभर जे हवं होतं ते पदरात होतं. तरी मी बसून राहिलो. माझा दिवसभराचा धसका अरमंतवाल्यांचा नव्हताच.

'तिच्यासाठी येतोय मी,' दादा म्हणाला. 'तुझं मागणं तू अजून केलेलं नाहीस.'

मी वाळूकडे बघत म्हणालो, 'बोट अडकली होती. दुसऱ्या दिवशीपर्यंत.'

'बरं.'

'पण मी बोटीवर थांबायला नको होतं. एदफूहून लुक्सरला दर अर्ध्या तासाला गाडी सुटते. दोन तास लागले असते. फोन दहाला आला होता.' मला आवाज ओळखू येत नव्हता, माझाच. 'फोन ठेवला आणि मी परत गटाकडे गेलो. त्यांना ससाणा-देवाची गोष्ट सांगत होतो, ती पुढे सांगत राहिलो. पूर्ण सांगितली. मला भीती वाटली, दादा. आईला तसं बघायची. बाकी काही कारण नव्हतं. अंधार पडला तेव्हा गाडी पकडली. रोज वाटायचं सांगावं, आणि रोज मी कबर बंद म्हणायचो.'

मी रडत होतो. चौपन्नाव्या वर्षी, कामाच्या वेळेत, ओट्यावर बसून. दादाने माझ्याकडे बघितलं नाही. तो खाली शेतांकडे बघत होता.

'जनाज्याला तीन खांदे झाले होते,' तो म्हणाला. 'मी, मामा आणि मामाचा मुलगा. चौथा कोपरा मी कुणाला धरू देत नव्हतो. लोक म्हणत होते, उचला, अस्र होऊन गेली. मी म्हणत होतो, थांबा, येतोय तो, एदफू काय लांब आहे. शेख दोनदा येऊन बोलला. तेव्हा उचललं.'

मी म्हणालो, 'कुणी धरला चौथा?'

'कुणी नाही. मीच दोन कोपरे धरले. हा खांदा तेव्हापासून वर जात नाही.'

त्याने उजवा हात उचलून दाखवला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. मग त्याने डाव्या हाताने दार ओढलं, कुलूप लावलं, आणि मुंडासं सोडून माझ्याकडे दिलं.

'हे नीट बांधून दे,' तो म्हणाला. 'पाहुण्यांसमोर जायचंय. मला मागे हात पोचत नाही.'

मी उठून त्याच्या मागे उभा राहिलो आणि बांधायला लागलो.